शास्त्र की परंपरा? सोयऱ्याधायऱ्यांत हा वाद कसा घालावा

कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट माणसं एकत्र बसली की हा वाद फार लवकर भरकटतो. एक जण म्हणतो, "आम्ही फक्त बायबल मानतो." दुसरा म्हणतो, "पण बायबल तुमच्या हातात दिलं कुणी?" एवढं झालं की पुढचा तासभर दोघंही आपापलं पाठांतर म्हणून दाखवतात आणि ऐकत कुणीच नाही.

मी नगरची. सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, आमचं प्रॉटेस्टंट चर्च) मंडळीत वाढले, शाळेत मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. सून वसईची, कॅथलिक. नातवाच्या बाप्तिस्म्याची बोलणी सुरू झाली तेव्हा हा प्रश्न दोन्ही घरांसमोर उभा राहिला. तेव्हापासून विहीणबाई आणि मी भेटलो की बायबल उघडून बसतो. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते. असा वाद घालूच नये, "देव एकच आहे ना" म्हणून सोडून द्यावं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. ज्या प्रश्नापायी माणसांना जाळलं गेलं, नदीत बुडवलं गेलं, तो इतका हलका असू शकत नाही. शिवाय न बोललेल्या गोष्टींची अढी मनात राहते आणि ती भलत्याच वेळी बाहेर पडते.

भांडण नेमकं कशावर आहे ते आधी ठरवा

"बायबल मोठं की चर्च मोठं" असा विषय ठेवू नका. तसं विचारलं की दोन्ही बाजू स्वतःच्या नसलेल्याच मताचा बचाव करू लागतात.

कॅथलिक चर्च बायबलला दुय्यम मानत नाही. ट्रेंटच्या धर्मसभेचा ८ एप्रिल १५४६ चा ठराव असा आहे की लिखित ग्रंथ आणि प्रेषितांपासून (येशूच्या पहिल्या शिष्यांपासून) चालत आलेल्या अलिखित परंपरा, दोन्ही आम्ही सारख्याच भक्तिभावानं आणि आदरानं स्वीकारतो. प्रॉटेस्टंट लोक एवढ्यावर थांबतात आणि "बघा, माणसांच्या चालीरीती देवाच्या वचनाशेजारी नेऊन बसवल्या" म्हणतात. पण त्या ठरावाचा मसुदा वेगळा होता. सत्य काही अंशी ग्रंथात आणि काही अंशी परंपरेत आहे, अशी त्याची मांडणी होती. चर्चेअंती ती वाटणी काढून टाकली आणि 'ग्रंथ आणि परंपरा' एवढंच ठेवलं. त्यामुळे तारणाला, म्हणजे पापातून सुटकेला, लागणारं सगळं बायबलमध्ये आहेच, परंपरा ते उलगडून दाखवते, असं मानणाऱ्या कॅथलिक अभ्यासकांनाही जागा राहिली.

चारशे वर्षांनी दुसऱ्या व्हॅटिकन सभेत पुन्हा याच मुद्द्यावर खडाजंगी झाली. नोव्हेंबर १९६२ मध्ये आलेला मसुदा देवाच्या प्रकट होण्याचे दोन वेगळे स्रोत असल्यासारखं बोलत होता. १,३६८ जणांनी त्यावरची चर्चा थांबवा म्हटलं, ८२२ जणांनी चालू ठेवा म्हटलं. दोन-तृतीयांश मतं भरली नाहीत, तरी पोप तेविसावे जॉन यांनी तो मसुदा मागे घेतला. शेवटी १८ नोव्हेंबर १९६५ रोजी जो दस्तऐवज मंजूर झाला, त्यात शास्त्र (म्हणजे बायबल) आणि परंपरा एकाच दैवी झऱ्यातून येतात असं आहे. चर्चचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, तो वचनाची सेवा करतो, असंही आहे. कॅथलिक माणसाशी वाद घालायचा तर ही दोन वाक्यं माहीत असलीच पाहिजेत. ती माहीत नसताना बोलणं म्हणजे समोरच्याऐवजी दुसऱ्याच कुणाशी भांडणं.

आता आमची बाजू. सगळी परंपरा टाकून द्या, असं जबाबदार प्रॉटेस्टंट मंडळींनी कधी म्हटलेलं नाही. अँग्लिकन चर्चचे एकोणचाळीस अनुच्छेद १५७१ मध्ये पक्के झाले. त्यातला सहावा म्हणतो की तारणाला आवश्यक ते सगळं शास्त्रात आहे. विसावा म्हणतो की श्रद्धेच्या वादात चर्चला अधिकार आहे, मात्र शास्त्राविरुद्ध काही ठरवण्याचा नाही. आणि चौतिसावा तर असा आहे की शास्त्राला बाधा न आणणारी चर्चची परंपरा जो कुणी स्वतःच्या मनानं उघडपणे मोडेल, त्याला चारचौघांत समज द्यावी! सतराव्या शतकातली वेस्टमिन्स्टरची कबुली प्रेस्बिटेरियन लोकांची, बरीच कडक. तीही म्हणते की चर्चच्या साक्षीमुळे शास्त्राबद्दल आपल्या मनात मोठा आदर निर्माण होऊ शकतो.

म्हणजे दोन्हीकडे शास्त्र आहे आणि दोन्हीकडे परंपराही आहे. मग मतभेद उरतो तो एवढाच: एकाच वचनाचे दोन अर्थ निघाले तर शेवटचा शब्द कोणाचा, आणि तो शब्द देणारा चुकू शकतो का? कॅथलिक उत्तर असं की पोप आणि त्यांच्याशी एकवट असलेले बिशप यांचा, आणि ठरावीक परिस्थितीत पवित्र आत्मा त्यांना चुकू देत नाही. प्रॉटेस्टंट उत्तर असं की पाळक, सभा, धर्मगुरू या सगळ्यांचं ऐकावं, पण यातलं कुणीही चुकू शकतं. न चुकणारं फक्त शास्त्र. ऑर्थोडॉक्स लोक, म्हणजे आपल्याकडे मुंबई-पुण्यात दिसणारी मल्याळी सिरियन कुटुंबं, हे दोन्ही मानत नाहीत. त्यांच्या मते शास्त्र परंपरेच्या आतच जन्मलं आणि तिच्यातच कळतं, पण कुणा एका बिशपला शेवटचा शब्द नाही.

हा प्रश्न एका कागदावर लिहा आणि सगळ्यांना दिसेल असा ठेवा. बोलणं भरकटलं की त्याकडे बोट दाखवा.

एका वेळी एकच मुद्दा

मरियामाता, पर्गेटरी (मरणानंतर आत्मा शुद्ध होण्याची अवस्था), संत, पोप, मूर्ती हे सगळं एकाच संध्याकाळी काढू नका. आणि मरियेपासून तर सुरुवात मुळीच करू नका. कॅथलिक माणसाच्या मनात ती आईच्या जागी आहे. तिच्याबद्दल पहिलाच शब्द वाकडा गेला की पुढे कितीही शास्त्रशुद्ध बोललात तरी ऐकून घेतलं जात नाही.

माझी शिफारस तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्याची आहे. एक तर तो घरोघरीचा प्रश्न. दुसरं म्हणजे नव्या करारात त्याची स्पष्ट आज्ञाही नाही आणि स्पष्ट मनाईही नाही, त्यामुळे शास्त्र संपतं कुठे आणि परंपरा सुरू होते कुठे ते उघड दिसतं. आणि तिसरं, इथे फळ्या कॅथलिक विरुद्ध प्रॉटेस्टंट अशा पडतच नाहीत. लूथरन, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. बाप्टिस्ट देत नाहीत.

आमच्या घरी हे कसं झालं ते सांगते. कॅथलिक वधू-वरानं दुसऱ्या पंथात लग्न केलं तर मुलांचा बाप्तिस्मा आणि संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावं म्हणून होईल तेवढा प्रयत्न करीन, असा शब्द त्याला लग्नाआधी द्यावा लागतो, आणि दुसऱ्या बाजूला त्याची कल्पना दिली जाते. ती आम्हाला दिली होती. त्यामुळे बाप्तिस्मा कुठे, हा वाद नव्हता. विहीणबाईंनी विचारलं ते वेगळंच.

"ताई, तुमच्याकडेही तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. तुम्ही तर फक्त बायबल म्हणता. मग ते कुठं लिहिलंय?"

मी प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ काढला. लुदियेचा आणि तिच्या घरच्यांचा बाप्तिस्मा, मग फिलिप्पै इथल्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा आणि त्याच्या घरच्यांचा. त्यांनी चष्मा लावून दोन्ही उतारे सावकाश वाचले.

"घरचे म्हटलंय. त्यात बाळ होतं असं कुठं आहे?"

नाही, तसं तिथे नाही. मग मी कलस्सैकरांस पत्राचा दुसरा अध्याय दाखवला, जिथे पौल सुंता आणि बाप्तिस्मा शेजारी शेजारी आणतो. सुंता आठव्या दिवशी होत असे, त्यावरून आमचे लोक लहान मुलांच्या बाप्तिस्म्याचं समर्थन करतात. विहीणबाई म्हणाल्या, "हा तुमचा अर्थ झाला. तुम्हाला तो शिकवला कुणी?"

शिकवला तो आमच्या पाळकांनी, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. हे मी मान्य केलं आणि मग माझा प्रश्न विचारला: "तुमच्याकडे ही प्रथा प्रेषितांपासूनची म्हणतात. ते कशावरून?" त्यांच्या भावानं, जे कॅटेकिझम शिकवतात, ओरिजेनचं नाव घेतलं. तिसऱ्या शतकातला हा पंडित लिहितो की मुलांनाही बाप्तिस्मा देण्याची परंपरा चर्चला प्रेषितांकडून मिळाली. ते खरं आहे. पण त्याच्याही आधी, साधारण इसवी सन २०० च्या सुमारास, कार्थेजचा टर्टुलियन लिहितो की लहान मुलांच्या बाबतीत थांबलेलं बरं, त्यांना कळतं होऊ द्या. म्हणजे तेव्हा प्रथा होती हेही सिद्ध होतं आणि तिच्याबद्दल एकमत नव्हतं हेही. सुनेचे हे मामा थोडे थांबले आणि म्हणाले, "मग हे ठरवणारं कुणीतरी लागतंच की." तिथे आम्ही कागदावरच्या मूळ प्रश्नावर येऊन पोहोचलो होतो. वाद नीट चालला आहे याची हीच खूण.

ठरवणारं कुणी लागतं, हे प्रॉटेस्टंट इतिहासातही दिसतं, आणि आमच्या बाजूच्या माणसानं हा इतिहास स्वतःहून काढावा. झुरिकमध्ये तिथला धर्मसुधारक झ्विंग्ली आणि त्याचे तरुण सहकारी, दोघंही फक्त शास्त्राचं नाव घेत होते. तरुणांना बायबलमध्ये तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा सापडेना. जानेवारी १५२५ मध्ये नगर परिषदेनं झ्विंग्लीच्या बाजूनं निकाल दिला, आणि काही दिवसांतच, २१ जानेवारीला, त्या तरुणांनी एकमेकांना नव्यानं बाप्तिस्मा दिला. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला ५ जानेवारी १५२७ रोजी लिम्मत नदीत बुडवून मारलं. दोन्ही बाजूंच्या हातात तेच बायबल होतं. शेवटचा शब्द मात्र नगर परिषदेचा ठरला.

आणि आपल्या महाराष्ट्रातलं एक उदाहरण द्या, कारण ते याच्या नेमकं उलट आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात अँग्लिकन होते आणि बाप्टिस्टही होते. त्यांनी तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा आणि कळत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही एकाच चर्चमध्ये मान्य केले. काहींना ती तडजोड वाटते. मला ती शेवटचा शब्द कुणाचा हे घाईनं न ठरवण्याची प्रामाणिक वाट वाटते. मात्र कॅथलिक माणूस विचारणार: "म्हणजे खरं काय ते तुम्ही ठरवलंच नाही?" हा प्रश्न रास्त आहे. त्यावर चिडू नका.

वचनं वापरताना

प्रत्येक बाजूची ठरलेली वचनं आहेत. ती एकमेकांवर फेकण्यापेक्षा अदलाबदल करा. कॅथलिकानं प्रॉटेस्टंटांचं आवडतं वचन मागच्या-पुढच्या ओळींसह मोठ्यानं वाचावं, आणि प्रॉटेस्टंटानं कॅथलिकांचं. मग त्या वचनातून निघतं तेवढंच काढायचं, एक तसूभरही जास्त नाही.

२ तीमथ्य ३:१६ घ्या. शास्त्रलेख देवप्रेरित आहे आणि देवाचा भक्त पूर्ण सज्ज व्हावा म्हणून उपयोगी आहे, असं पौल लिहितो. यातून शास्त्राची थोरवी निघते यात वाद नाही. पण फक्त शास्त्रच पुरेसं, असं त्या वाक्यात शब्दशः नाही, आणि तीमथ्यानं बालपणापासून वाचलेलं शास्त्र म्हणजे जुना करार होता. आमच्या लोकांनी हे आधीच कबूल करावं. तसं केल्यानं बाजू दुबळी होत नाही. उलट विचारता येतं: देवप्रेरित असा शब्द पौलानं आणखी कशाला लावला आहे?

२ थेस्सलनीका २:१५ हे कॅथलिकांचं वचन. तोंडी किंवा पत्रानं शिकवलेल्या परंपरा घट्ट धरून ठेवा. मी पाहिलंय, पुष्कळ प्रॉटेस्टंटांनी हे वचन कधी नीट वाचलेलंच नसतं. वाचा. तोंडी शिकवणही बंधनकारक होती हे त्यातून निघतं. पण आज रोममध्ये किंवा कॉन्स्टँटिनोपलमध्ये जे शिकवलं जातं तीच ती तोंडी शिकवण, हे त्यातून निघत नाही. ते वेगळं सिद्ध करावं लागतं.

मार्क ७ मध्ये येशू परूश्यांना (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाला) फटकारतो: वाडवडिलांच्या परंपरेसाठी तुम्ही देवाची आज्ञा मोडता. आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान' म्हणून देवाला वाहिलं की त्यांना काहीच द्यायला नको, अशी ती पळवाट होती. हे वचन सरसकट सगळ्या परंपरेविरुद्ध वापरू नका. येशू स्वतः शब्बाथला सभास्थानात जात होता, सण पाळत होता. इथे निषेध आहे तो आज्ञेला रद्द करणाऱ्या परंपरेचा. म्हणून योग्य प्रश्न असा: ही अमुक परंपरा कोणती आज्ञा रद्द करते?

आणखी दोन जोड्या जवळ ठेवा. बिरुयाचे लोक पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात तपासून पाहत होते (कृत्ये १७:११), आणि कूशी (इथिओपियाचा) अधिकारी म्हणाला की कुणी सांगितल्याशिवाय मला कसं कळेल (कृत्ये ८:३१). दोन्ही एकाच पुस्तकात आहेत. तसंच योहान म्हणतो की येशूनं केलेलं सगळं लिहिलेलं नाही (२१:२५), पण जे लिहिलं ते तुम्ही विश्वास ठेवावा म्हणून लिहिलं (२०:३१). अर्धी जोडी दाखवणाऱ्याला उरलेली अर्धी वाचायला लावा.

"बायबल तुम्हाला दिलं कुणी?"

हा प्रश्न येणारच, म्हणून दोन्ही बाजूंनी तयारी हवी. नव्या कराराची आजची २७ पुस्तकं नेमकी तेवढीच सांगणारी जुनी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस यानं ३६७ च्या सणपत्रात (ईस्टरनिमित्त मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रात) दिली. हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) इथल्या सभांनी याद्या केल्या, त्यात प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नसलेली पुस्तकंही आहेत. कॅथलिकांनी लक्षात ठेवावं की या प्रादेशिक सभा होत्या, आणि स्वतः अथनासियस जुन्या करारातून एस्तेर वगळतो आणि बारूख घेतो. त्याची यादी जशीच्या तशी ना वसईला चालेल ना नगरला. प्रॉटेस्टंटांनी लक्षात ठेवावं की पुस्तकांची अनुक्रमणिका आकाशातून पडली नाही. मंडळ्यांनी वाचत, पारखत, वाद घालत ती ओळखली. आमचं उत्तर असं की ओळखणं वेगळं आणि अधिकार देणं वेगळं. ते उत्तर मला पटतं, पण ते आपोआप सिद्ध होत नाही, मांडावं लागतं.

"लूथरनं सात पुस्तकं काढून टाकली" हे वाक्यही असंच अर्धवट आहे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या १५३४ च्या जर्मन बायबलमध्ये ती पुस्तकं वेगळ्या भागात होती. शास्त्राच्या बरोबरीची नाहीत पण वाचायला चांगली, अशा शेऱ्यासह. प्रॉटेस्टंट बायबलांतून ती हळूहळू गेली. १८२६ मध्ये ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीनं ती छापायला पैसे न देण्याचं ठरवलं, त्यानंतर तर फारच. म्हणून वादाला बसताना दोन्ही बायबलं जवळ हवीत: बायबल सोसायटीचं सहासष्ट पुस्तकांचं, आणि त्र्याहत्तर पुस्तकांचं कॅथलिक. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल असेल तर तेही घ्या. मराठी इतकी सरळ आहे की अर्धे गैरसमज वाचतानाच मिटतात.

दोन जुने वाद, शिकण्यासाठी

लाइपझिग, १५१९. योहान एक (Eck) या कॅथलिक पंडितानं लूथरला हुशारीनं पेचात पकडलं. चेक धर्मसुधारक यान हुसला कॉन्स्टन्सच्या सभेनं दोषी ठरवलं आणि १४१५ मध्ये जाळलं. लूथर म्हणतोय ते हुससारखंच आहे. मग सभा चुकली का? हुसच्या काही विधानांत खरी ख्रिस्ती शिकवण होती, असं लूथर म्हणाला, आणि म्हणजे सभा चुकू शकते, हे त्याला उघडपणे बोलावं लागलं. वाद म्हणून पाहिलं तर एकनं काम चोख केलं, कारण त्यानं मूळ प्रश्न बाहेर काढला. पण लोकांना हुसची चीड होती, तिचाही त्यानं वापर केला. समोरच्याला बदनाम माणसाच्या पंक्तीला बसवणं सोपं असतं. तुम्ही ते करू नका, ना इन्क्विझिशनचं (पाखंड्यांना शिक्षा देणाऱ्या कॅथलिक न्यायालयांचं) नाव घेऊन, ना टीव्हीवरच्या चमत्कारवाल्या उपदेशकांचं.

दुसरा वाद मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो फळ्या उलट्या करतो. २५६ साली कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोमचा बिशप स्टीफन यांच्यात तंटा झाला: पाखंडी गटात बाप्तिस्मा घेतलेला माणूस चर्चमध्ये आला तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा का? स्टीफन म्हणाला, जे चालत आलंय त्यात नवं काही घालू नका. सिप्रियननं विचारलं, ही परंपरा आली कुठून? शुभवर्तमानातून की प्रेषितांच्या पत्रांतून? सत्य नसेल तर रूढी म्हणजे नुसती जुनी झालेली चूक, असं त्यानं लिहिलं. त्याच्या बाजूनं सत्त्याऐंशी बिशप उभे राहिले. पण पुढे टिकली ती रोमची प्रथा, आणि नंतरचा थोर धर्मपंडित ऑगस्टीन यानंही तीच उचलून धरली.

आता पाहा. शास्त्राचं माप लावणारा सिप्रियन कॅथलिकांचा संत आहे. आणि आम्ही नगरचे प्रॉटेस्टंट, वसईहून आलेल्या सुनेला पुन्हा बाप्तिस्मा देत नाही, म्हणजे आम्ही स्टीफनच्या परंपरेवर चालतो. विहीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या खूप वेळ त्यावर बोलत राहिल्या. हा वाद ज्याला माहीत आहे तो पुन्हा "तुम्ही परंपरावाले, आम्ही शास्त्रवाले" असं म्हणणार नाही.

पंडिता रमाबाईंची पत्रं

मराठी माणसाला यासाठी युरोपातच जायला नको. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजच्या सिस्टरांकडे राहत असताना झाला. पुढे त्या चेल्टनहॅमच्या कॉलेजात गेल्या आणि तिथून वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो म्हणजे थेट हाच वाद. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ताचं देवत्व, बिशपांच्या शब्दाचं वजन. रमाबाई प्रत्येक ठिकाणी विचारतात की हे शास्त्रात कुठे आहे. जेराल्डिनना त्या 'आजीबाई' म्हणत, इतकं जवळचं नातं. तरी मे १८८५ च्या पत्रात त्या ठणकावून लिहितात की मी ख्रिस्ताच्या चर्चची सभासद आहे, पण पाद्री-बिशपांच्या तोंडून पडलेला प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही. भारतातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टानं झुगारलं, आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही.

जेराल्डिन यांचं रमाबाईंवर खरं प्रेम होतं. पण रमाबाईंचा प्रश्न सिद्धान्ताचा असे आणि उत्तर येई ते नम्रतेचं, आज्ञापालनाचं. अशा उत्तरानं वाद मरतो. त्याच काळात कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांची उत्तरं पाहा. त्या प्रश्नाला प्रश्न म्हणून घेतात, युक्तिवाद करतात, वेळ देतात, आणि या बाईला विचार करूनच पटवून घ्यावं लागेल हे ओळखतात. कॅथलिक असो की प्रॉटेस्टंट, श्रद्धेबद्दल विचारणाऱ्याच्या स्वभावावर बोट ठेवू नका. "तुला नम्रता नाही" किंवा "तुम्ही लोक आंधळे आहात" हे आलं की त्या दिवसाचं बोलणं तिथेच थांबवा.

जेराल्डिन यांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. चर्चचा शब्द बाजूला ठेवला तर तू जे वाचतेस ते देवाचं की तुझ्या मनाचं, हे कसं कळणार, ही त्यांची काळजी पोकळ नव्हती. पुढे रमाबाईंनीच लिहिलंय की ख्रिस्ती लोकांतले नाना पंथ आणि त्यांच्या नाना शिकवणी पाहून त्या गोंधळून गेल्या होत्या. तरी त्या शास्त्राकडेच वळल्या. केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये राहून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या वारल्या, आणि १९२४ मध्ये ते पूर्ण छापून निघालं.

शेवटी कागद

१५२९ च्या ऑक्टोबरात मारबुर्ग इथे लूथर आणि झ्विंग्ली प्रभुभोजनावर (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीवर) बोलायला बसले. लूथरनं मेजावर खडूनं 'हे माझे शरीर आहे' हे ख्रिस्ताचं वाक्य लॅटिनमध्ये लिहून ठेवली होती आणि तो त्यावरून हलला नाही. एकमत झालं नाही. पण उठण्याआधी त्यांनी पंधरा कलमं लिहून काढली, चौदांवर मतं जुळली, आणि पंधराव्यात नेमकं कुठे जुळत नाही ते नोंदवलं.

तुम्हीही असंच करा. समोरच्याचं मत आधी त्याला पटेल अशा शब्दांत तुम्ही लिहायचं. तो "हो, हेच माझं म्हणणं" म्हणेपर्यंत ते बदलत राहायचं. मग एकमताचं एक आणि मतभेदाचं एक, अशा दोन याद्या करायच्या. आमच्या पहिल्या यादीत असं आहे: बाप्तिस्मा पाण्यानं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं, आणि एकदाच. दुसऱ्या यादीत: एखादी प्रथा प्रेषितांची आहे असं चर्चनं सांगितलं की ते पुरेसं, असं विहीणबाई मानतात, मी म्हणते, तिचं मूळ शास्त्रात दाखवता आलं पाहिजे. या फरकाखाली आम्ही ज्याच्या त्याच्या नावानं वाचन लिहून ठेवलंय. टर्टुलियन विहीणबाईंकडे, सिप्रियनची पत्रं माझ्याकडे.

त्यानंतर मृतांसाठी प्रार्थना हा विषय घ्यायचा आहे. लाइपझिगला एकनं त्यासाठी मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय पुढे केला होता आणि ते पुस्तक प्रमाण नाही असं लूथर म्हणाला होता. माझ्या बायबलमध्ये ते नाही, म्हणून विहीणबाईंची प्रत मी नगरला घेऊन आले आहे.